मन जागेवर नसलेलंच बरं

सध्या ज्याला त्याला दुसऱ्याचं मन जागेवर आणायची घाई झाली आहे. पुस्तकांच्या दुकानात दर्शनी फळीवर एकाग्रतेची पुस्तकं. यूट्यूबवर पहाटे साडेचारलाच आंघोळ उरकून बसलेले पंचविशीतले गुरू. पुण्यात सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं आडफळ्या लावलेल्या टेबलांशी मान खाली घालून बसलेली, आणि एखाद्याच्या मोबाइलच्या पडद्यावर एक हिरवं झाड वाढत असलेलं. अभ्यास सोडून फोनमध्ये दुसरं काही उघडलं की ते झाड मरतं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर पुढ्यात ठेवून अभ्यासाचे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडले. त्याने ते स्वतःपुरतं केलं होतं. आज दादरच्या क्लासपासून हिंजवडीच्या कचेरीपर्यंत सगळे त्या टोमॅटोला जुंपलेले आहेत. शाळेत बाईंना, घरी आईला आणि ऑफिसात साहेबाला काळजी एकच: याचं लक्ष कुठंय?

हे सगळं ज्या मतावर उभं आहे ते आधी नीट मांडतो, म्हणजे मागाहून विपर्यासाची तक्रार नको. मत असं: जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ माणसाचं मन हातातल्या कामावर नसतं, म्हणजे निम्मं आयुष्य पाण्यात. भटकणारं मन दुःखी असतं, हे हार्वर्डने सिद्ध केलं आहे. मोबाइलमुळे हा रोग बळावला असून आपलं लक्ष आता सोनमाशाहूनही कमी टिकतं. उपाय म्हणून मनाला लगाम घाला, वर्तमानात जगा, रिकामा क्षण दिसला की तो कारणी लावा. रिकामं मन सैतानाचं घर, हे आजीही सांगायची. पतंजलींपासून समर्थांपर्यंत सगळ्यांनी हेच सांगितलं. आणि एवढं सगळं सांगूनही तुम्ही खिडकीबाहेर बघत बसणार असाल, तर तुम्ही आळशी तरी आहात किंवा तुम्हाला पोटापाण्याची चिंता नाही.

यातलं एकही वाक्य मला मान्य नाही. मन भटकलं की दूध उतू जातं, तेवढं मान्य. मोटार चालवताना आणि कुणाचं पोट फाडून आत हात घातलेला असताना मन हातातल्या कामावर असावं, हेही मान्य. फ्रान्समधल्या बोर्दो इथे इस्पितळात आलेल्या ९५५ जखमी चालकांना अपघाताआधी मनात काय होतं ते विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी मन दुसरीकडे होतं असं सांगितलं. तेव्हा स्टिअरिंगवर असाल तर रस्त्याकडे बघा. पण आपण चोवीस तास स्टिअरिंगवर असतो, हे कुणी ठरवलं?

हार्वर्डपासूनच सुरुवात करू, कारण या पंथाचं ते ब्रह्मास्त्र आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा तो निबंध २०१० साली 'सायन्स'मध्ये आला. २,२५० माणसांच्या आयफोनवर वेळी-अवेळी प्रश्न यायचे: आत्ता काय करताय, मनात काय आहे, किती सुखी आहात? ४६.९ टक्के वेळा मन कामाबाहेर सापडलं, आणि अशा वेळी माणसं सरासरीने कमी सुखी होती. निबंधाच्या शीर्षकातच भटकं मन म्हणजे दुःखी मन असा निकाल होता. जगाने शीर्षक वाचलं आणि पान मिटलं. आत काय आहे? भटकलेलं मन सर्वांत जास्त वेळा, ४२.५ टक्के, सुखद गोष्टींकडे गेलेलं होतं; आणि तसं ते गेलं असताना माणूस कामात असलेल्या माणसाइतकाच सुखी होता. सरासरी खाली ओढली ती कडू आणि कोरड्या विचारांनी. म्हणजे गुन्हा भटकण्याचा नाही, मन कुठे गेलं त्याचा. मुलगा संध्याकाळी घराबाहेर पडला एवढ्यावरून तो बिघडला असं आपण म्हणतो का? (काही घरांत म्हणतात. त्यांच्यासाठी हा लेख नाही.)

शिवाय आधी काय आणि मागून काय? त्या निबंधाचा कल असा की मन भटकल्यामुळे माणूस दुःखी होतो. २०१३ साली शेफील्डच्या ज्युलिया पोएरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा उलगडून पाहिला, तर दुःख आधी आणि भटकणं नंतर असा क्रम निघाला. भटकल्यानंतर मन उतरलं ते विचारच उदास असतील तेव्हा. मन दुखावलं की ते घर सोडून बाहेर जातं, यात नवल काय? आणि सुखाची ही मोजपट्टी तरी कसली? तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसलेल्या बापाला फोनने विचारावं, आत्ता किती सुखी आहात, शंभरपैकी गुण द्या. त्याचं मन त्या क्षणी दवाखान्यापासून कुलदैवतापर्यंत सगळीकडे फिरत असतं. ते फिरलं म्हणून तो दुःखी आहे, असं म्हणणाऱ्याला आपण शहाणा म्हणू का?

या गोंधळाचं मूळ असं की चिंता आणि भटकंती यांना एकाच दोरीने बांधलं जातं. रात्री दोन वाजता साहेबाचं तेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवणं, 'मी असं बोलायला हवं होतं' याची शंभरावी आवृत्ती काढणं, याला भटकणं म्हणत नाहीत. घाण्याचा बैल दिवसभर चालतो म्हणून त्याला कुणी प्रवासी म्हणत नाही. कॅलिना ख्रिस्टॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली नेमका हाच भेद मांडला: मोकळा विचार एका गोष्टीवरून दुसरीवर सहज सरकतो, काळजी मात्र एकाच खुंट्याला बांधलेली असते. दोन्ही वेळा मन कामावर नसतं, एवढंच साम्य. मग चिंतेवरचा इलाज भटकणं बंद करणं हा कसा? ज्याचं मन एकाच जागी अडकलं आहे त्याला 'मन एका जागी ठेव' हा सल्ला देणारा वैद्य मला तरी नको.

आता वाया जाणाऱ्या वेळाविषयी. समज असा की काम नसलं की मेंदू दिवे मालवून बसतो. मेंदूची चित्रं घेणारे शास्त्रज्ञही बराच काळ याच समजुतीत होते. यंत्रात झोपलेल्या माणसाला काही काम द्यायचं, त्या वेळचा रक्तपुरवठा मोजायचा, आणि त्यातून नुसतं पडून राहण्याच्या वेळचा वजा करायचा. ही वजाबाकी करताना त्रासदायक गोष्ट दिसू लागली. काही भागांचा आकडा उलटा यायचा. कामाला लागलं की तिथला रक्तपुरवठा कमी व्हायचा. काम कुठलंही द्या, भाग तेच. गॉर्डन शुलमन यांनी १९९७ साली असे नऊ प्रयोग एकत्र मांडले आणि ही गोष्ट झाकता येईना. २००१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मार्कस रेचल यांनी म्हटलं की ही मेंदूची मूळ अवस्थाच आहे: काम सांगितलं की तो तिथून उठतो, काम संपलं की तिथेच परत येतो. पुढे कळलं की जुन्या आठवणी, उद्याचे बेत, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अदमास, हे सगळं याच भागांच्या आसपास घडतं. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या घरात. आणि अवघड काम दिलं तर त्या खर्चात पडणारी भर ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे तुमचा तो पंचवीस मिनिटांचा टोमॅटो मेंदूच्या एकूण खर्चात किरकोळ खाती जमा होतो. बाकीचा पैसा कशावर जातो, हे न विचारता आपण त्याला उधळपट्टी म्हणायचं?

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी तर यात थेट निरोप आहे. उंदीर एखाद्या वाटेने धावला आणि थांबला, की त्याच्या मेंदूतल्या त्या वाटेच्या पेशी जागेपणीच, पण उलट्या क्रमाने, पुन्हा पेटतात. डेव्हिड फॉस्टर आणि मॅथ्यू विल्सन यांनी २००६ साली हे 'नेचर'मध्ये दाखवलं. थांबलेला उंदीर झाल्या वाटेची उजळणी करत असतो. माणसाचं काय? एडिंबरामध्ये मिकेला ड्युअर यांनी वयस्कर माणसांना गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत नुसतं बसायला सांगितलं, दुसरीनंतर दहा मिनिटं संगणकावर दोन चित्रांतला फरक शोधायला. सात दिवसांनी विचारलं तर नुसतं बसण्याआधी ऐकलेली गोष्ट जास्त आठवली. प्रयोग साठी ओलांडलेल्यांवर होता, राज्यसेवेच्या उमेदवारांवर नव्हता, हे खरं. तरीही अभ्यासिकेबाहेर चहाच्या टपरीवर शून्यात बघत उभ्या असलेल्या मुलाला 'वेळ घालवतोय' म्हणण्याआधी जरा थांबावं. तो लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरच्या पुस्तकातलं प्रकरण पचवत असेल. खरा वेळ घालवतो तो चहाच्या दोन घोटांमध्ये चालू घडामोडींचं ॲप उघडणारा.

कल्पना सुचण्याचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण त्याची भजनं सगळेच गातात. विल्यम हॅमिल्टनला १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनच्या कालव्याकाठी बायकोबरोबर चालताना अडलेलं समीकरण सुचलं आणि त्याने ते पुलाच्या दगडावर कोरलं. आंरी प्वँकारेला कूतांसमध्ये बसच्या पायरीवर पाय ठेवताना, गणिताचा विचार चालू नसताना, उत्तर मिळालं. चंद्रशेखर रामन १९२१ साली ऑक्सफर्डची परिषद आटोपून 'नरकुंडा' बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग बघत राहिले, आणि तो नुसतं आभाळाचं प्रतिबिंब आहे या लॉर्ड रेलींच्या मताविषयी त्यांना शंका आली. खिशातल्या प्रिझमने प्रतिबिंब गाळून पाहिलं. निळा रंग तसाच. त्या रंगापासून निघालेली वाट २८ फेब्रुवारी १९२८ पर्यंत आणि तिथून स्टॉकहोमपर्यंत गेली. त्या बोटीवर रामन यांना 'समुद्र बघा' असं काम कुणी लावून दिलं होतं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: त्यांनी आधी वर्षानुवर्षं डोकेफोड केली होती. केली होतीच. मग? पेरणी केली होती म्हणून पावसाची गरज नव्हती का? भौतिकशास्त्रज्ञ आणि व्यावसायिक लेखक यांना रोजच्या रोज विचारून केलेल्या २०१९ सालच्या एका पाहणीत, त्यांच्या महत्त्वाच्या कल्पनांपैकी सुमारे एक पंचमांश कल्पना काम बाजूला असताना, मन भलतीकडे असताना आल्याचं दिसलं; आणि अडलेलं काम सुटण्याचे प्रसंग यात जास्त होते. उरलेल्या चार पंचमांश तशा सुचल्या नाहीत, हे मी लपवत नाही. टेबल जाळा असं मी म्हटलेलंच नाही. सोपं काम करताना मन भटकलं की सर्जनशीलता एकदम वाढते असा २०१२ सालचा एक प्रयोगही फार मिरवला जातो. तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसाच निकाल मिळाला नाही, म्हणून मी त्याच्यावर भार टाकत नाही. माझ्या बाजूला टेकूंची कमतरता नाही. शिवाय नोबेल मिळवून देते म्हणूनच मोकळीक द्यायची, हा पुन्हा हिशेबनीसाचाच युक्तिवाद झाला.

आता सर्वांत तिखट आक्षेप: ही सगळी भरल्या पोटाची चैन. रामन बोटीने फिरत होते, प्वँकारेला प्राध्यापकी होती. ज्याला दिवस भरवायचा आहे त्याला मनोराज्यं कशी परवडतील?

हे म्हणणाऱ्याने महाराष्ट्रातल्या जात्यावर एक पहाट काढायला हवी होती. घरातलं माणूस उठण्याआधी बाई उठायची, सुपात दाणे घ्यायची, खुंटा धरायची. काम अंगमेहनतीचं, पण डोकं न लागणारं. हात फिरत राहिला की मन सुटायचं: माहेरी, पंढरीला, भावाच्या वाटेला, सवतीच्या दारात, सीतेच्या वनवासात. त्यातून ओवी यायची आणि पिठाबरोबर पडायची. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. एक लाख! रचणाऱ्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, फुरसत नव्हती, स्वतःची खोली तर सोडाच, स्वतःचं नाव लावलेली पेटीही नव्हती. बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या नाहीत. शेतात आणि घरकामात त्यांना सुचत गेलं, मुलगा सोपानदेव आणि घरातले यांनी टिपून ठेवलं, आणि त्यांच्या पश्चात १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ते पुस्तकरूपाने आलं. आता सांगा, दळताना बाईने दळण्यावरच लक्ष एकाग्र केलं असतं तर पीठ जास्त बारीक पडलं असतं का?

जात्याचं कौतुक करताना मला कुणी भाबडा समजू नये. त्या दळणाने बायकांचे खांदे मोडले. गिरणी आली हे चांगलंच झालं, आणि ओव्यांसाठी परत जातं फिरवा म्हणणाऱ्याच्या हातात आधी खुंटा द्यावा. पण त्या बाईच्या दिवसातली एकूण एक गोष्ट दुसऱ्याच्या मालकीची होती: धान्य, वेळ, कूस, रस्ता. सासूच्या परवानगीशिवाय जाता येईल अशी एकच जागा होती, आणि ती तिच्या डोक्यात होती. तिला जाऊन सांगा की मनाला लगाम घाल. चैन म्हणे! भटकणं हे तिचं एकमेव स्थावर होतं.

उलट आजच्या कामांकडे बघा. डिलिव्हरीच्या पोराच्या फोनवर पुढच्या ऑर्डरचे सेकंद उलटे पडताहेत. कॉल सेंटरमध्ये दोन फोनांतलं अंतर मोजलं जातं. एका बड्या कंपनीच्या प्रमुखाने आठवड्याला नव्वद तास काम मागितलं होतं, रविवारसुद्धा. हात राबवून घेणं जुनंच आहे; आता हाताबरोबर मनही हजेरीपटावर घ्यायचं आहे.

आणि इथेच मोबाइल येतो. एकाग्रतेचे पुरस्कर्ते मोबाइलला शत्रू मानतात आणि भटकतं मन ही त्याचीच फितूर फौज मानतात. सोनमाशाची ती गोष्ट घ्या: माणसाचं लक्ष आठ सेकंद, माशाचं नऊ. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका अहवालाने ती जगभर नेली, पत्रकारांनी मुळाशी जाऊन बघितलं तर खाली संशोधनच नव्हतं; आकडा इकडून तिकडे उचललेला. माशालाही उगाच बदनाम केलं. शिकवलेल्या गोष्टी तो महिनोन्महिने लक्षात ठेवतो. रील बघणाऱ्या माणसाकडे जरा नीट बघा: मान हलत नाही, डोळे लवत नाहीत, आई दोनदा हाक मारते ती ऐकू येत नाही. याहून एकाग्र माणूस इगतपुरीच्या धम्मगिरीवर तरी सापडेल का? (तिथे दहा दिवस फोन काढून घेतात, म्हणून त्यांच्याशी माझं भांडण नाही.) लोकलच्या डब्यात पूर्वी खिडकी मिळालेला माणूस कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत बाहेर बघत असायचा. रुळाकडेची घरं, वाळत घातलेले कपडे, आणि मधूनच घराचे हप्ते, मुलीचं लग्न, एखादी जुनी मैत्रीण. तो माणूस अजून त्याच खिडकीत बसतो. त्याची मान खाली आहे. त्याचं मन भटकत नाही. ते दुसऱ्याने आखलेल्या मार्गावरून, दुसऱ्याने ठरवलेल्या वेगाने नेलं जातं. फोनने त्याची एकाग्रता पळवली असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, फोनने त्याची खिडकी पळवली.

म्हणून माझा आरोप असा आहे: एकाग्रतेचे गुरू आणि रील्सचे व्यापारी एकमेकांचे विरोधक नाहीत, भागीदार आहेत. दोघांनाही रिकामा क्षण खपत नाही. एकाला तो कामाने भरायचा आहे, दुसऱ्याला जाहिरातीने. एक तुम्हाला दिवसभर पिळतो, दुसरा रात्री उरलेला चोथा विकत घेतो. आणि गंमत बघा, पहिल्याचा उपदेश दुसऱ्याच्याच दुकानात, साठ सेकंदांच्या तुकड्यांत मिळतो.

ते विजेच्या झटक्यांचं काय, असं कुणी विचारेलच. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. हाताशी एक बटण, दाबलं की झटका. आधी याच माणसांनी हा झटका टाळायला पैसे मोजू असं सांगितलेलं. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलं. निष्कर्ष निघाला की माणसाला स्वतःचं मन सोसवत नाही. पण त्यांना सांगितलं काय होतं? विचार करून मन रमवा! उघड्या भिंतींकडे बघत, घड्याळ लावून, हुकमावरून. हे भटकणं झालं की परीक्षा? हातात पोळपाट नाही, पायाखाली रस्ता नाही, समोर खिडकी नाही. अशा खोलीत बसवलं तर मीही बटण दाबीन, आणि मग त्या शास्त्रज्ञाच्या खुर्चीला तार लागते का ते बघीन.

'वर्तमानात जगा' हा मंत्र मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो अक्षरशः पाळणारी माणसं जगात आहेत. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झालेले रुग्ण नव्या आठवणी साठवू शकत नाहीत, हे जुनंच ठाऊक होतं. लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी २००७ साली अशा पाच रुग्णांना साध्या गोष्टी कल्पायला सांगितल्या, उदाहरणार्थ पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर तुम्ही पहुडला आहात. त्यांतल्या बहुतेकांना ते दृश्य जुळवताच येईना. तुकडे हाती येत, चित्र होत नसे. पुढे २०१८ साली मॅग्वायर यांच्याच गटाने अशा रुग्णांसोबत राहून, शांत क्षणी, आत्ता मनात काय होतं असं विचारलं. मन त्यांचंही भटकत होतं. पण निरोगी माणसाचं मन काल, उद्या, गेलेल्या सहली, व्हायच्या भेटी असं हिंडून येत होतं, आणि यांचं फिरून फिरून समोरच्याच गोष्टींपाशी. वर्तमानात जगणं ते हे. त्यांना कुणी योगी म्हणत नाही. त्यांची शुश्रूषा करतात.

बाकीच्यांचं मन सोपं काम करताना सुटतं तेव्हा ते मागच्यापेक्षा पुढे जास्त जातं, हे बेंजामिन बेअर्ड आणि जॉनथन स्मॉलवुड यांनी २०११ साली दाखवलं. आपण पुष्कळदा उद्याचा बेत करत असतो. जूनच्या तोंडावर बांधावर बसून आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्याला 'या क्षणात राहा' असं सांगण्याची कुणाची छाती आहे? त्या क्षणात आहे काय? ढेकळं आणि कर्ज. तो मनाने सोयाबीन काढून मोकळा झालेला असतो, भाव पडला तर काय आणि पोरीची फी कशी याची तोंडमिळवणी करत असतो, म्हणून तर उद्या पेरायला उठतो.

राहिले संत. त्यांना या टोळीच्या मेळाव्यात अध्यक्ष म्हणून बसवतात याचा मला सर्वांत जास्त राग येतो. पतंजलींनी चित्तवृत्तींचा निरोध सांगितला तो मोक्षासाठी, तिमाही टार्गेटसाठी नव्हे. समर्थांनी मनाशी बोलायला २०५ श्लोक घेतले. ज्याला चाबकाने वळवायचं त्याच्याशी इतकं कुणी बोलतं का? आणि बहिणाबाईंची मनावरची कविता पाठ नाही असा मराठी माणूस विरळा. तिचा शेवट मनाला शिव्या घालून होत नाही, देवालाच प्रश्न विचारून होतो. लगामवाल्यांनी ती शेवटपर्यंत वाचावी.

एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस वही काढतो आणि विचारतो, मग दिवसातून किती मिनिटं मन भटकवावं? सकाळी की जेवणानंतर? मी सांगणार नाही. सांगितलं की उद्या त्याचंही ॲप निघेल, त्यातही एक झाड वाढेल, आणि पुरेसं भटकला नाहीत म्हणून ते मरेल. मला कुणाच्या वेळापत्रकात नवा रकाना नको आहे. आहेत ते रिकामे रकाने बुजवू नका, एवढंच मागणं आहे. बाई रजेवर आहेत म्हणून मिळालेल्या ऑफ तासाला गणिताच्या सरांना धाडू नका. पोळ्या लाटणाऱ्या माणसाच्या कानात व्यक्तिमत्त्व विकासाचं पॉडकास्ट कोंबू नका. गच्चीत उभ्या असलेल्या नवऱ्याला 'कसला विचार करताय' म्हणून विचारू नका. त्याला तो सांगता आला असता तर तो विचार करत नसता. माझ्या नातीच्या प्रगतिपुस्तकात या वर्षी शेरा आला आहे, 'वर्गात लक्ष नसते, खिडकीबाहेर बघते'. तिची आई बाईंना भेटून समजावणार होती. मी तिला थांबवलं, पुस्तक मागून घेतलं आणि पालकांच्या सहीच्या जागी ठळक अक्षरांत सही केली.